पोस्टकार्डावरचं दुखणं

परभणीच्या सरकारी दवाखान्यात माझ्या खोलीच्या दारावर फिजिओथेरपीची इंग्रजीत एक लांबलचक पाटी आहे. ती कोणी वाचत नाही. जिल्ह्यातली माणसं मला 'शेकाच्या बाई' म्हणतात. पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा, कारण शेक देणं हा माझ्या कामाचा चौथा हिस्साही नव्हे. लाल दिव्याखाली दहा मिनिटं पाठ गरम केली की माणसाला बरं वाटतं, एवढंच. खरं काम त्यानंतरचं. आखडलेला सांधा रोज थोडा सोडवायचा, निकामी पडलेल्या स्नायूला रोज थोडं कामाला लावायचं आणि ज्या सवयीनं दुखणं वाढतं ती सवय मोडायची. ह्यात गोळी नाही, सुई नाही, म्हणून पेशंटला हा उपचार वाटतच नाही. "बाई, एक सुई टोचा अन् मोकळं करा," हे मी सोळा वर्षं ऐकत आले आहे.

सगळी अडचण त्या 'रोज'मध्ये आहे. पालमकडच्या खेड्यातून कंबरेचा पेशंट परभणीला यायचा तर आधी बैलगाडी, मग उभ्यानं एसटी. माझ्याकडे अर्धा तास, की परत एसटी आणि परत बैलगाडी. घरी पोचेपर्यंत कंबर सकाळपेक्षा जास्त धरलेली. दुसऱ्या दिवशी तो कशाला येईल? मीही आले नसते.

मी रुजू झाले ते नामांतराच्या दंगलीचं वर्ष. विद्यापीठाच्या नावावरून वस्त्या जळाल्या, रस्त्यांवर दगड आले, एसट्या बंद पडल्या. वॉर्डात हातपाय मोडलेली माणसं होती. हाडं जुळल्यावर त्यांचे आखडलेले कोपर आणि गुडघे माझ्याकडे यायचे. ते कोणी मोडले हे मी विचारत नसे आणि तेही सांगत नसत. त्याच दिवसांत पालमच्या एका शिक्षकांचा गुडघा माझ्याकडे चालू होता. एसटी नाही म्हणून त्यांनी कार्ड टाकलं, 'पुढे काय करू?' मी उलट कार्डावर काड्यांचा माणूस काढला, त्याच्या गुडघ्याखाली उशी काढली, बाजूला आकडे घातले. दोन महिन्यांनी त्यांचं कार्ड आलं की मांडी घालून जेवायला बसतो. मला वाटलं, सापडली वाट.

तेव्हापासून पोस्टानं उपचार सुरू झाले. कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. पेशंट पहिल्यांदा आला की मी त्याला नीट तपासायची, व्यायाम करून घ्यायची आणि चित्रांचा एक कागद द्यायची. मग दर आठ-दहा दिवसांनी जवाबी कार्ड. जवाबी कार्ड म्हणजे एकाला एक जोडलेली दोन कार्डं. एकावर माझा मजकूर आणि पाच प्रश्न, दुसऱ्यावर माझा पत्ता आधीच घातलेला. पेशंटनं उत्तरं लिहून ते अर्धं फाडून पोस्टात टाकायचं. दुखणं कमी का जास्त, झोप लागते का, कळ कुठपर्यंत उतरते, मुंग्या येतात का. पाचवा प्रश्न कंबरेच्या पेशंटलाच असायचा. लघवीला किंवा संडासला काही अडचण आहे का?

ह्या पाचव्या प्रश्नाचं कारण सांगते. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. एखादी सरकली की पायाच्या नसेवर दाब येतो आणि कळ पायात उतरते. बहुतेकांची ती आराम आणि व्यायामानं बसते. क्वचित मात्र गादी मागं मधोमध येते आणि सगळ्या नसांचा जुडगाच दाबते. तेव्हा लघवी अडते किंवा कळत नाही. तसं झालं तर व्यायाम नाही, कार्ड नाही, त्याच दिवशी माणूस मोठ्या दवाखान्यात गेला पाहिजे. उशीर झाला तर नस परत येत नाही.

कार्डांमुळे बरी झालेली माणसं पुष्कळ. पेडगावच्या ज्ञानोबा काकांचा खांदा आखडला होता. त्यांना भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला. हात किती वर गेला ते कसं कळवायचं म्हणून त्यांनी बोटं काजळीत बुडवून रोज भिंतीवर खूण केली आणि तेवढा सुतळीचा तुकडा पाकिटात घालून मला पाठवला. दर खेपेला सुतळी लांब. शेवटी काकूच त्यांना घेऊन दवाखान्यात आल्या.

"खांदा बरा झाला न्हवं? आता ह्यांना म्हणावं बस करा. दिवाळीला सारवलेली भिंत, सगळी काळी केली. माकडावाणी चढायलेत!"

"तूच म्हणायलीस ना, हात वर होईना तर फळीवरचा डबा कोण काढून देईल?" काका म्हणाले.

"डबा काढा म्हणलं व्हतं. घर काळं करा न्हवतं म्हणलं."

पोखर्णीच्या गयाबाईंच्या गुडघ्याचं कार्ड असंच. महिन्याभरानं त्यांच्या आळीतला एक गडी गाडीत आडवा पडून माझ्या दारात आला आणि पडल्यापडल्याच भांडायला लागला.

"बाई, तुमच्या कार्डानं माझी कंबर गेली."

"तुम्हाला मी कार्ड पाठवलंच नाही."

"आता बगा! पोस्टमननं पारावर मोठ्यानं वाचलं की. सगळी आळी करायलीय. माझ्या म्हाताऱ्यानं बी केलं, त्याला कायबी झालं न्हाई."

त्याच्या कंबरेला दोन आठवडे लागले. पुढच्या कार्डांवर मी वरती ठळक लिहायला लागले, 'हे व्यायाम फक्त ह्याच पेशंटसाठी.' हा किस्सा मी दवाखान्यात सगळ्यांना हसत हसत सांगितला. कार्ड उघडं असतं आणि ते गावाचं असतं, हे त्यातून मला कळायला हवं होतं. मी फक्त हसले.

प्रयाग माझ्याकडे आली ती दिवाळीच्या आधी. वय पंचवीस-सव्वीस, दोन लेकरं, गाव पालमच्या पलीकडे चार कोसांवर. नवरा आणि सासू दरवर्षी ऊस तोडायला जायचे. तीही जायची. आदल्या हंगामात मोळी उचलून डोक्यावर घेताना कंबरेत कट्‌कन झालं होतं, तेव्हापासून डाव्या पायात कळ. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. एक्स-रेत हाडं दिसतात, गादी दिसत नाही. हाडं ठीक होती. चिठ्ठीवर लिहून आलं, कंबरदुखी, व्यायाम.

बरोबर सासरे होते, सोपानराव. साठीचे, उंच, कमी बोलणारे. सुनेला बाकावर जागा करून देऊन स्वतः दाराशी उभे राहिले. मला म्हणाले, "औंदा तिला उसाला धाडत न्हाई. मालकीन अन् पोरगं जाईल. ही घरी राहील, मी हाय लेकरं बगायला. तेवढी बरी करा." त्या भागात एवढं बोलणारा सासरा मी फार पाहिला नव्हता. मला बरं वाटलं. मी प्रयागला तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं, तीन व्यायाम शिकवले. ती झटकन शिकली. वाकायचं नाही, घागर उचलायची नाही हे सोपानरावांना सांगितलं. कार्डाचंही त्यांनाच सांगितलं.

पहिलं उत्तर आलं. 'दुखणे थोडे कमी. झोप लागते. कळ घोट्यापर्यंत. मुंग्या आहेत. ५) काही नाही.' अक्षर वळणदार, शाईचं. दुसरं उत्तरही तसंच. तिसऱ्या उत्तरात लिहिलं होतं, 'पायातली कळ एकदम गेली. पाय जड वाटतो. ५) काही नाही.'

आता हे मी बाहेरच्या माणसाला कळेल असं सांगते, कारण माझं चुकलं ते इथं. पायातली कळ हळूहळू वर सरकत गेली, म्हणजे आधी घोट्यातून पोटरीत, मग मांडीत, मग नुसती कमरेत राहिली, तर ते चांगलं लक्षण. कळ एकदम गेली आणि पाय जड झाला तर ते चांगलं नसतं. दुखणं कळवणारी नसच बंद पडली तरी कळ जाते. हे मला शिकवलेलं होतं आणि मी ते इतरांना शिकवत होते. कार्ड हातात घेऊन मी क्षणभर थांबलेही. मग पाचव्या उत्तराकडे बघितलं. काही नाही. म्हटलं, तिकडे काही नाही म्हणजे काळजी नाही, झोपून झोपून पाय जड झाला असेल. मी उत्तर लिहिलं, 'फार छान. दहाच्या ऐवजी पंधरा वेळा करा.'

चौथं उत्तर, 'तब्येत ठीक. ५) काही नाही.' पाचवं कार्ड मी पाठवलं त्याचं उत्तर आलं नाही. संक्रांतीनंतर सोपानराव तिलाच घेऊन आले.

जीपमधून दोघांनी उचलून आणली. खोलीत आली तसा वास आला. लुगड्याखाली तिनं गोधडीच्या चिंध्या दुमडून घेतल्या होत्या, त्या भिजल्या होत्या. मी सोपानरावांना बाहेर पाठवलं आणि दार लावलं. टाचणी घेतली. डाव्या पावलावर टोचली, तिला कळेना. पोटरीच्या मागं टोचली, कळेना. उजव्या पायातही जोर उरला नव्हता. बसायच्या जागेवर दोन्हीकडे टोचली, कळेना. पोट टम्म फुगलं होतं. मूत्राशय काठोकाठ भरून नुसतं गळत होतं.

"कधीपासून, प्रयाग?"

"लेकरांच्या शाळेला नाताळाची सुट्टी लागली त्याच्या आदीपासून. पहिल्यांदा व्हईचनाच. मग कळायचंच न्हाई कवा झाली ते."

"तीन-चार आठवडे झाले! कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू बाई? घरात मामा अन् मी. आत्याबाई उसाला. शेजारच्या काकूला सांगितलं तर म्हणली, गार बसलं असंल, धण्याचं पाणी पी. पिले की."

मी टाचणी ठेवून दिली. तीच म्हणाली, "कार्डात तुमी इचारलं असतं तर सांगितलं असतं. मामा उंबऱ्यातनं सांगायचे, बाईनं पंधरा कर म्हणलंय. मी दार लावून पंधरा करायची. एक चुकवला न्हाई."

बाहेर सोपानराव भिंतीला टेकून बसले होते. मी विचारलं, "कार्डं कोण लिहायचं?"

"पोस्टमास्तर. बाजाराच्या दिवशी मीच पोस्टात जायचो. तिथंच वाचून घ्यायचो, तिथंच ल्हून टाकायचो. जायच्या आदी तिला इचारून जायचो, बरं हाय का, कळ हाय का. ती सांगायची."

"आणि पाचवा प्रश्न?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मास्तरनं वाचला. मग आमी दोघं बी गप बसलो. सासऱ्यानं सुनेला तसलं कसं इचारावं, बाई? तुमीच सांगा. मास्तर म्हणला, तसं काय असलं तर बाया बाया सांगतेत एकमेकीला. काही नाही ल्हितो. म्हणलं, ल्हा."

"चारही वेळा?"

"चारी येळा."

त्यांच्यावर ओरडावं असं मला वाटलं आणि ओरडता आलं नाही. सुनेची मर्यादा राखायची म्हणून त्या माणसानं तोंड मिटलं होतं. शेतीकाम टाकून चार वेळा चार कोस चालत तिच्या औषधपाण्यासाठी गेला होता. आणि तो प्रश्न, जो मी माझ्या खोलीतसुद्धा दार लावून विचारते, तो मी निळ्या शाईत, मोठ्या अक्षरात, उघड्या कार्डावर लिहून दोन पुरुषांच्या हातात दिला होता.

नळी घालून लघवी काढली. त्याच संध्याकाळच्या गाडीनं तिला औरंगाबादला हलवलं. मी बरोबर गेले, कारण कागदावर काय लिहिलंय ते समजावून सांगणारं कोणी हवं होतं. ऑपरेशन झालं, सरकलेली गादी काढली. सर्जन मला म्हणाले, "दाब काढलाय. नस किती उठेल ते सांगता येत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत आली असती तर वेगळं बोललो असतो." त्यांनी मला विचारलं नाही की हिला कोण बघत होतं. मीच सांगितलं.

परत आल्यावर दवाखान्यात लोक म्हणाले, तुम्ही काय करणार, त्यांनी खोटं लिहिलं. मला ते पटलं नाही. ज्याला विचारायचं त्याला मी विचारलंच नव्हतं. त्या आठवड्यापासून उघडी कार्डं बंद केली. बंद पत्रं सुरू केली, तीही प्रत्येक पेशंटला तिच्या किंवा त्याच्या नावानं. बायकांच्या कंबरेच्या केसेस मी उपकेंद्राच्या नर्सबाईंना लिहून द्यायची, घरी जाऊन समोर बसून विचारा म्हणून. 'पाय जड' हे दोन शब्द कुठल्याही उत्तरात आले की तार करून बोलवायची. एकदा एक जण उगाच पळत आला, त्याच्या पायाला सूज होती. त्यानं मला भरपूर ऐकवलं. ऐकून घेतलं.

प्रयाग दोन महिन्यांनी गावी आली. तिला आता परभणीला आणणं शक्य नव्हतं, म्हणून एक रविवार सोडून मी जायची. पालमपर्यंत एसटी, पुढे सोपानराव गाडी घेऊन उभे. उजवा पाय बराच उठला होता. डावा पावलापासून लुळा, लघवीची जाणीव नाही. घड्याळ बघून, पोट हातानं दाबून लघवी काढायची, हे मी तिला शिकवलं. सोपानरावांनी बाजारातून गजराचं घड्याळ आणलं. ते वाजलं की ते उठून गोठ्याकडे जायचे, कोणी न सांगता.

उसाहून सासू आणि नवरा आले. नवरा माझ्याशी बोलला नाही. सासू ओसरीवर बसून बोलली, आत ऐकू जाईल अशी. "आता हिचं काय करावं बाई? घरात बी चालत न्हाई अन् रानात बी. पोरगं जवान हाय माझं. दुसरी बगावी लागंल."

सोपानराव म्हणाले, "गप बस."

"मी काय खोटं बोलले? तुमी तेवढं इचारलं असतं तर..."

ते उठून निघून गेले. नवऱ्यानं पुढच्या वर्षी दुसरी केली. प्रयाग त्याच घरात राहिली, मागच्या खोलीत.

ती त्या खोलीत राहायला गेल्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हाचं सांगते. खोलीत खाट, घड्याळ, लेकरांची पाटी-दप्तरं. उशाशी माझी चार कार्डं होती, माझ्या मजकुराची अर्धी; पाचवं पोस्टातच राहिलं होतं. सोपानरावांनी ती बंडीच्या खिशात जपून ठेवली होती आणि शेवटी तिच्या हातात दिली होती.

"तुमचं अक्षर लय सुरेख हाय, बाई," प्रयाग म्हणाली.

मला वाटलं, नुसतं बघून म्हणते आहे. मी पिशवीतून टाचणी आणि पट्टा काढत होते. तिनं एक कार्ड उचललं आणि बोट न ठेवता वाचलं, सरळ, शाळेतल्या मुलीसारखं. पहिला प्रश्न, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा.

"तुला वाचता येतं?"

"चौथी झालीय माझी. माहेरी शाळा दारात व्हती. लेकरांचा अभ्यास मीच घेते की."

"लिहितापण येतं?"

"आता चौथी झाली म्हणल्यावर..."

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, घरी वाचणारं कोणी आहे का. पण ते तिच्या डोक्यावरून, दाराशी उभ्या असलेल्या सोपानरावांना. ते म्हणाले होते, पोस्टमास्तर हायेत. ती दोघांच्या मधे बाकावर बसलेली होती आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं, म्हणून तीही बोलली नव्हती.

"कार्ड तुझ्या हातात आलं असतं, तर काय लिहिलं असतंस?" हा प्रश्न विचारायला नको होता. मी विचारला.

"हो म्हणून ल्हिलं असतं," ती म्हणाली. "एवढंच तर व्हतं. एक अक्षर."

तिनं कार्डं एकावर एक रचून उशाखाली सारली. बाहेर धाकटा लेक कोणाशी तरी भांडत होता, त्याला तिनं आतूनच दटावलं. मग पदर सारखा करून डावा पाय दोन्ही हातांनी उचलून माझ्या मांडीवर ठेवला. मी टाच धरली आणि म्हटलं, "पंजा वर ओढ."

ती ओढत होती. मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. पंजा जागचा हलला नाही.

"अजून एकदा," मी म्हटलं.